मुरूम, मलम आणि गल्ल्यावरचे वैद्यक

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी युवक कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे शिबिर झाले. आरोग्यविषयक पत्रकाचा मसुदा चर्चेला आला तेव्हा त्यातील एका परिच्छेदावर एका ज्येष्ठ साथींनी हरकत घेतली. क्षयरोग, कुपोषण, बाळंतिणींचे मृत्यू, शेतमजुरांना होणारी कीटकनाशकांची बाधा असे विषय असताना मुरुमांवरच्या मलमाला पत्रकात जागा कशासाठी द्यायची, असा त्यांचा सवाल होता. 'हे आरशासमोरचे दुखणे आहे. चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?' असे ते म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला. परिच्छेद गळाला. ठरावावर मत देणाऱ्यांत मीही होतो आणि मीही हात वर केला होता, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

दुपारच्या जेवणाच्या वेळी एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. दोन्ही दिवस तिने तोंडावर बांधलेला रुमाल सोडला नव्हता, तो तिने तेव्हा सोडला. गाल लालभडक, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आणि पुळ्यांची दाटी. वय एकोणीस. कापडाच्या दुकानात विक्रेतीचे काम. दीड वर्षापूर्वी तिच्या चेहऱ्यावर थोडेसे मुरूम आले, तेव्हा 'तोंड नीट कर, गिऱ्हाईक बिचकते' असे मालकाने तिला सुनावले. ती औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने प्रतिजैविक जेलची ट्यूब हातात ठेवली. कधी लावायची, किती दिवस लावायची, हे त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. पंधरा दिवसांत उतार पडला, तिने ट्यूब ठेवून दिली. मुरूम परत आले, ट्यूब परत निघाली. असे चार-पाच वेळा झाल्यावर गुण येईनासा झाला. मग त्याच दुकानदाराने 'जास्त पॉवरची' दुसरी ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा नितळ झाला, वर उजळही झाला. आज ती ट्यूब लावली नाही की चेहऱ्याची आग होते, ऊन सोसवत नाही, पुळ्या दुपटीने उठतात. दोन्ही ट्यूबा तिने पिशवीतून काढून दाखवल्या. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नये, असे दोन्हींवर बारीक अक्षरात छापलेले होते.

पत्रकातून गळालेला परिच्छेद नेमका याविषयी होता. आमच्या हशाने या मुलीला किती वेदना झाल्या असतील, हा प्रश्न वैयक्तिक म्हणून सोडून देता येईल. परंतु ज्या विषयाला आम्ही क्षुल्लक ठरवले, त्यात औषधकंपन्यांचा नफा, सरकारची बेपर्वाई, नोकरीवर टांगलेली गरिबाची लाज आणि सबंध समाजाच्या आरोग्याला असलेला धोका हे सारे एकवटलेले आहे. हा विषय चळवळीचा नसेल तर कोणता विषय चळवळीचा आहे?

दुखणे आणि औषध

प्रथम दुखणे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञानावरच हा सारा व्यापार उभा आहे. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. केसांच्या मुळाशी असलेली छिद्रे मृत पेशींनी बुजतात, तेल आत साचते आणि क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू तेथे वाढून दाह निर्माण करतात. हे जंतू बाहेरून आलेले शत्रू नव्हेत. निरोगी माणसाच्या त्वचेवरही ते राहतात. मुरूम हे अस्वच्छतेचे लक्षण नव्हे, 'पोटातल्या उष्णते'चे नव्हे आणि वाईट चालीचे तर मुळीच नव्हे. लग्न झाले की जातील, हा घराघरांतील उपदेशही निराधार आहे. बहुसंख्य मुलामुलींना या वयात थोडेफार मुरूम येतात. काहींना ते इतके खोल व गाठींसारखे येतात, की गालावर कायमचे खड्डे राहतात. अशांनी ट्यूबांवर महिने न घालवता त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर गेले पाहिजे.

आता जेलविषयी. आपल्याकडे सर्वांत जास्त चालते ते क्लिंडामायसिनचे एक टक्का जेल. जंतूंच्या पेशीत प्रथिने तयार होण्याची क्रिया हे औषध रोखते. त्यामुळे जंतूंची वाढ थांबते आणि दाहही काहीसा कमी होतो. औषध वाईट नाही. योग्य रुग्णाला, योग्य जोडीने आणि योग्य मुदतीपुरते दिले तर ते उपयोगी आहे. वाद या तीन अटींचा आहे आणि दुकानाच्या गल्ल्यावर या तिन्हींपैकी एकही पाळली जात नाही.

पहिली गोष्ट, हे प्रतिजैविक एकटे वापरू नये. ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शिकेने २०२१ साली नि:संदिग्धपणे तसे सांगितले आहे आणि अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची भूमिका तीच आहे. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावे. हे प्रतिजैविक नाही. ते प्राणवायूच्या क्रियेने जंतू मारते, आणि त्याला दाद न देणारे जंतू तयार होत असल्याचे आढळलेले नाही. सौम्य मुरुमांना पुष्कळदा तेवढेच पुरते. छिद्रे मोकळी करण्यासाठी रात्री लावायचे अ‍ॅडापेलीन हेही प्रतिजैविक नव्हे. मात्र गर्भवती स्त्रियांनी ते टाळावे.

दुसरी गोष्ट मुदतीची. गुण दिसायला साधारणत: सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत ट्यूब फेकून देणे चुकीचे आणि वर्षभर लावीत बसणे त्याहून चुकीचे. बारा आठवड्यांच्या सुमारास डॉक्टरांनी पुन्हा तपासावे. मुरूम गेले असतील तर प्रतिजैविक बंद करून प्रतिजैविक नसलेल्या औषधावर राहावे. मुरूम आले की लावायचे आणि गेले की ठेवून द्यायचे, ही आपली रूढ पद्धत सर्वांत घातक आहे.

तिसरी गोष्ट लावण्याची रीत. चेहरा सौम्य साबणाने धुऊन, हलक्या हाताने कोरडा करून, जेथे मुरूम येतात त्या सबंध भागावर पातळ थर द्यावा. एकेका पुळीवर ठिपके देण्यात अर्थ नाही. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे जेल पुरते. जाड थराने गुण लवकर येत नाही, केवळ त्वचा सोलवटते. डोळे, ओठ, नाकपुड्या आणि चिरलेली त्वचा यांपासून ते दूर ठेवावे. दिवसातून किती वेळा लावायचे ते चिठ्ठीप्रमाणे. बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा आणि केसांचा रंग उडवते, म्हणून उशीवर जुने कापड घालावे. एरिथ्रोमायसिन असलेले मलम क्लिंडामायसिनबरोबर लावू नये, कारण ती दोन्ही एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. ज्यांना पूर्वी आतड्याच्या दाहाचा विकार झाला आहे, अथवा प्रतिजैविकांमुळे तीव्र जुलाब झाले आहेत, त्यांनी हे जेल वापरू नये. ते लावीत असताना पाण्यासारखे किंवा रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले तर औषध तत्काळ थांबवून डॉक्टर गाठावा. असे क्वचित घडते, पण घडले तर जिवावर बेतू शकते. चेहऱ्याला लावलेले औषध आतड्यापर्यंत कसे पोचेल, असे समजून पुष्कळजण या जुलाबांकडे दुर्लक्ष करतात.

हे सारे सांगायला पाच मिनिटे पुरतात. देशभर लाखो ट्यूबा विकल्या जात असताना ही पाच मिनिटे कोणी द्यायची, हाच खरा प्रश्न आहे.

गायरान आणि प्रतिजैविक

आमचे ज्येष्ठ साथी म्हणतील, ज्याचा चेहरा त्याचे नुकसान. त्यात समाजाचा काय संबंध? उत्तर असे की प्रतिजैविक ही दुसऱ्या कोणत्याही वस्तूसारखी खाजगी वस्तू नाही. मी माझ्या पैशाने साखर घेतली आणि वाया घालवली तर नुकसान माझे. मी प्रतिजैविक वाया घालवले तर त्या औषधाचा प्रभाव सर्वांसाठी कमी होतो. अर्धवट मात्रेने कमकुवत जंतू मरतात आणि चिवट जंतू उरतात. मुरुमांच्या जंतूंमध्ये क्लिंडामायसिन व एरिथ्रोमायसिनला दाद न देण्याचे गुण १९७० च्या दशकाच्या अखेरीसच आढळू लागले होते. गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. त्वचेवर व नाकात राहणारे इतर जंतूही या औषधाच्या माऱ्याखाली येतात, चिवट होतात आणि घरातल्या माणसांकडेही जातात. उद्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या जखमेत पू झाला आणि औषध चालेना, तर त्याचे कारण कोणाच्या तरी अर्ध्या वापरलेल्या ट्यूबेत असू शकेल.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच ही धोक्याची सूचना दिली होती: अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. ती सूचना कोणी मनावर घेतली नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचा बळी घेतला, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिला आहे. त्यांतील वाटा मुरुमांच्या जेलचा किती, हा हिशोब मांडण्यात अर्थ नाही. गायरानात एकाची गाय किती गवत खाते, हेही कोणी मोजत नाही. सगळ्यांनी बेबंद गुरे सोडली की गायरान उजाड होते, एवढे प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक असते. प्रतिजैविकांचा प्रभाव हे मानवजातीचे गायरान आहे. त्यावर खाजगी नफ्याची गुरे सोडली गेली आहेत आणि राखणदार झोपला आहे.

याच महाराष्ट्रात, पिंपरीला, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला. प्रतिजैविक ही लोकांची गरज आहे आणि ती लोकांच्या मालकीच्या कारखान्यातून भागवावी, ही त्यामागची दृष्टी होती. १९७५ साली हाथी समितीने औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करून ती मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली. १९७९ च्या किंमत नियंत्रण आदेशाखाली ३४७ औषधे होती. १९९५ च्या आदेशात ती ७४ वर आली. २०१३ च्या आदेशाने उत्पादनखर्चाचा आधारच काढून टाकला आणि बाजारातल्या किमतींच्या सरासरीवर कमाल किंमत ठरवण्याची रीत आणली. तीही केवळ आवश्यक औषधांच्या यादीतील ठरावीक स्वरूपांपुरती. यादीतल्या औषधात आणखी एखादा घटक मिसळला की नवी वस्तू तयार होते आणि कमाल किमतीच्या कचाट्यातून सुटते. मिश्रणांचा हा जो सुळसुळाट आपण पाहतो, त्याच्या मुळाशी वैद्यकशास्त्र थोडे आणि हा हिशोब फार आहे.

'जास्त पॉवर'चे रहस्य

त्या मुलीच्या दुसऱ्या ट्यूबेत काय होते? स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण. गजकर्ण असो, खाज असो, मुरूम असो, सर्वांवर एकच इलाज. स्टेरॉइड दाह झटकन दाबते, त्वचेचा रंगही फिका करते, म्हणून गिऱ्हाईक खूश होते. पण आतून त्वचा पातळ होत जाते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तेथे लव उगवते, नवे मुरूम येतात आणि औषध थांबवताच आग भडकते. त्यामुळे ट्यूब सुटत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून उत्तम माल कोणता?

हा एखाद्या गावाचा अपवाद नव्हे. देशातील निरनिराळ्या केंद्रांवरील त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यांत ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत होते. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शासनाने काय केले? औषधांच्या ज्या परिशिष्टामुळे चिठ्ठी सक्तीची होते, त्याच्या टिपेत बाहेरून लावायच्या औषधांना वर्षानुवर्षे सवलत होती. १४ स्टेरॉइडे त्या सवलतीबाहेर काढण्यास २०१८ साल उजाडले. २०१६ साली सरकारने ३४४ असमर्थनीय मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या न्यायालयात गेल्या. अखेर २०१८ च्या सप्टेंबरात ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. एक नाव बंद झाले की घटक बदलून दुसरे येते. कायदा पुस्तकात आहे, ट्यूबेवर छापलेला आहे. दुकानाच्या फळीवर तो नाही.

गरिबाच्या नावाने

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जाईल आणि तो आपल्याच गोटातून घेतला जाईल. चिठ्ठीची सक्ती कडक केली तर मार गरिबालाच बसेल. श्रीमंत तज्ज्ञाची फी देईल, विक्रेती मुलगी कोठून देणार? तिच्यासाठी औषधाचा दुकानदार हाच डॉक्टर आहे. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. सरकारी दवाखान्यात त्वचारोगतज्ज्ञ नाही, बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि दुकानाची वेळ एकच, एक दिवस खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार बुडाला, ही वस्तुस्थिती आहे. सोय न करता केवळ बंदी घालणे म्हणजे तिला दारातून हाकलणे होय.

परंतु या आक्षेपाचा निष्कर्ष 'चालू द्या' असा काढणे ही गरिबाची फसवणूक आहे. त्या मुलीने दीड वर्षात ट्यूबांवर जे पैसे घातले, त्यांत तज्ज्ञाची फी एकदा नव्हे, अनेकदा भागली असती आणि चेहरा वाचला असता. स्वस्त वाटणारी वाट तिला महागात पडली. शिवाय खुली विक्री आणि सक्तीची चिठ्ठी या दोनच वाटा आहेत, हेही खरे नाही. ब्रिटनमध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळते, प्रतिजैविक जेल मात्र मिळत नाही. भेद करायचा तो असा. ज्याने समाजाचे नुकसान होत नाही ते स्वस्त व सुलभ करा; ज्याने होते त्यावर राखण ठेवा. बेन्झॉइल पेरॉक्साइड जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि कामगार विमा दवाखान्यात नेहमी उपलब्ध का नसावे? आणि हे शक्य नाही असे कोणी म्हणू नये. चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर केरळ सरकारने २०२४ साली अचानक छापे घालण्याची मोहीम काढलीच.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रतिजैविक व स्टेरॉइड असलेल्या मलमांची चिठ्ठीवाचून होणारी विक्री थांबवण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाने प्रत्यक्ष तपासणी करावी आणि त्यासाठी निरीक्षकांची रिक्त पदे भरावीत. तालुका रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, तोही संध्याकाळी, त्वचारोगांचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा. असमर्थनीय मिश्रणे घटक बदलून पुन्हा बाजारात येणार नाहीत अशी तरतूद करावी. ट्यूबेवरील सूचना मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात छापावी. स्टेरॉइड असेल तर तसे ठळकपणे लिहावे.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. युवक शाखांनी, वाचनालयांनी, महिला मंडळांनी एक साधा उपक्रम हाती घ्यावा. घराघरांतील ट्यूबा आणायला सांगाव्यात आणि घटकांची नावे एकत्र बसून वाचावीत. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले की ते स्टेरॉइड आहे, हे ओळखायला पदवी लागत नाही. जे पुष्कळ दिवस ते लावीत आहेत त्यांनी एकदम मनाने न थांबवता डॉक्टरांना दाखवावे, कारण ते टप्प्याटप्प्याने सोडवावे लागते. क्लिंडामायसिन असेल तर किती आठवडे झाले, सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. आणि ज्या मालकाने 'तोंड नीट कर' असे सुनावले, त्यालाही जाब विचारावा. कामगाराचे श्रम विकत घेतले म्हणून तिच्या चेहऱ्यावर त्याची मालकी होत नाही.

पुढच्या शिबिरात तो गळालेला परिच्छेद पुन्हा मांडावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे पाठवली आहे. ज्येष्ठ साथींना मी हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखवला. ते काही वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी नातवाला हाक मारून त्याची ट्यूब आणायला सांगितली. चष्मा पुसून ते घटकांची नावे वाचू लागले. तिसरे नाव मोमेटासोनचे होते.